चारही लॉक बदलायच्या आधी एक पॅड उघडून बघा

उदगीरहून एकांनी विचारलंय. वडिलांनी घेतलेली २००८ ची वॅगनआर, एमएच २४ पासिंगची, घरात अजून रोज चालते. ड्रायव्हरच्या दाराला चावी लावली की ती सैल फिरते, कधी लॉक उघडतं, कधी नुसतीच फिरते. मागचं डावं दार महिनाभरापासून आतून उघडंना आणि बाहेरूनही उघडंना. नंतर बाहेरून बसवून घेतलेलं सेंट्रल लॉक चालत्या गाडीत मनानेच टकटक करतं. गॅरेजमध्ये सांगितलं, "गाडी जुनी झाली, चारही दारांची लॉकं आणि चावीचा अख्खा सेट बदलून टाका." यांचा प्रश्न दोन तुकड्यांत आहे: खरंच बदलावं लागेल का, आणि यातलं घरी काय जमेल?

चारही बदलू नका. गाडी माझ्यासमोर उभी नाही, पण तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून मला तीन वेगवेगळे बिघाड दिसतात. त्यातला एक दहा-वीस रुपयांच्या क्लिपेचा असू शकतो, एक सुकलेल्या किंवा अडकलेल्या लॅचचा, म्हणजे दार धरून ठेवणाऱ्या पंजाचा, आणि तिसरा वायरचा. लातूरला औसा रोडच्या बाजूला मी अठ्ठावीस वर्षं गाड्यांची दारं उघडतोय. 'लॉक गेलं' म्हणून आलेल्या गाडीत खरोखर लॅच बदलावं लागलं असं कमी वेळा झालं. मात्र पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, न काढता, बाहेरून हँडल हलवून निदान करणारे फार, आणि त्यांचा दोष तरी किती काढायचा. चार लॉकं बसवायला लागणारा वेळ गिऱ्हाइकाला दिसतो. क्लिप शोधायला गेलेला तास दिसत नाही, त्याचे पैसे मागितले की तोंड वाकडं होतं.

आपल्याकडे दारात जे काही आहे त्या सगळ्याला 'लॉक' म्हणतात. घोळ इथूनच सुरू होतो. दार उघडा आणि त्याच्या जाडीकडे बघा. तिथे खाचेत लोखंडी पंजा दिसेल, ते लॅच. समोर खांबावर जी कडी आहे ती स्ट्रायकर. दार लागताना पंजा कडीला कवेत घेतो आणि मागून एक खटका त्याला अडवून धरतो. हे दोन टप्प्यांत होतं: पहिल्या 'टक्' ला दार अर्धवट धरतं, दुसऱ्या 'टक्' ला घट्ट बसतं. चावी जाते ते बॅरल, ती वेगळी वस्तू. बाहेरचं हँडल वेगळं, आतलं वेगळं. या सगळ्यांना लॅचशी जोडणाऱ्या बारीक सळया असतात, त्यांना आम्ही रॉडच म्हणतो, आणि रॉडच्या टोकाला हरभऱ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा. सेंट्रल लॉक असेल तर आत एक छोटी मोटर. तुम्ही बोटाने जी घुंडी वर-खाली करता, तोच रॉड ती ओढते. बस्स, एवढंच सामान. यातलं काय गेलंय हे हाताला कळतं.

बाहेरचं हँडल ओढलं आणि ते काहीच जोर न लागता फटकन वर आलं, तर त्याचा रॉड सुटलाय. नेहमीसारखा ताण लागतो, पण दार हलत नाही, तर एक तर लॉक अर्धवट पडलंय किंवा लॅच आत अडकलंय. चावी आत जाते, पण फिरंना, तर चावी झिजलीय किंवा बॅरलमध्ये माती आहे. चावी फिरते पण पलीकडे काही होत नाही, तर बॅरलच्या शेपटीपासून पुढची जोडणी सुटलीय. दार लागतं पण दोनदा आपटावं लागतं, तर लॅचकडे बघायच्या आधी बिजागरी बघा. दार अर्धं उघडं ठेवून खालच्या कोपऱ्याला धरून वर उचला. खांबाजवळ खाडखाड हललं तर पिन झिजलीय, दार खाली बसलंय आणि पंजा कडीच्या खालच्या अंगाला घासतोय. अशा गाडीत नवं लॅच टाकलं तरी चार महिन्यांत तेच रडगाणं. आधी बिजागरी, मग कडी, मग लॅच. कडी सैल करण्याआधी तिच्याभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवा, नाहीतर मूळ जागा परत सापडत नाही.

आता तुमचं मागचं दार. हे सगळ्यात आधी करा, कारण बंद पडलेलं दार ही चोरीची अडचण नाही, बाहेर पडायची अडचण आहे. "मागून कोण बसतंय" म्हणत दोन-दोन वर्षं दार तसंच ठेवणारे आहेत. एकाने तर ते सुतळीने आतून बांधलं होतं. गाडी एका कुशीवर गेली की चारपैकी कोणतं दार कामी येईल हे कुणी सांगावं!

आतून उघडत नाही, यात बिघाड नसेलही. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असतं. लॅचजवळची ती बारीक खिटी खाली पडली की आतलं हँडल निकामी होतं, दार फक्त बाहेरून उघडतं. खिटी दाराच्या जाडीत असते, म्हणजे दार बंद असताना ती बघता येत नाही. पण उजवं मागचं दार उघडून त्याची खिटी बघा. घरात लेकरू लहान असताना कुणी ती लावली असेल तर दोन्हीकडे लावली असणार. तसं निघालं तर तुमच्या दाराचं कोडं निम्मं सुटलं: आतलं हँडल चाइल्ड लॉकमुळे बंद आणि बाहेरच्या हँडलचा रॉड सुटलेला. दोन्ही एकदम झालं की दार भिंत बनतं.

उघडायचं कसं? एकट्याने झटापट करू नका. एकाने बाहेरून दाराला कंबर लावून आत दाबायचं, म्हणजे रबराचा ताण पंजावरून उतरतो. त्याच वेळी दुसऱ्याने हँडल ओढायचं. तिसरा कुणी असेल तर त्याने आतली लॉकची घुंडी वर-खाली, वर-खाली करत राहायचं, कारण सेंट्रल लॉकची मोटर दमलेली असली की घुंडी वर दिसते, पण लॉक पूर्ण सुटलेलं नसतं. ते हाताने शेवटपर्यंत न्यावं लागतं. या तिघांच्या खेळात बरीच दारं उघडतात. नाही उघडलं तर दाराच्या फटीतून लॅचच्या उंचीवर गंज सोडवणारा स्प्रे नळीने मारा आणि रात्रभर गाडी सोडा. सकाळी परत प्रयत्न करा. हातोडी नको. काचेच्या खालच्या फटीतून पत्र्याची पट्टी घालायचा मोह होईल, तोही टाळा. आत वायर असते, पट्टीने ती सोलली की तिसरा बिघाड चौथा होतो.

तरीही नाहीच, तर बंद दाराचं पॅड आतून काढायचं. मागच्या सीटची बसायची गादी आधी बाहेर काढा, तेवढी जागा लागते. पॅडची खांबाकडची कड दार बंद असल्यामुळे रबराखाली दबलेली असते, तिथे पॅड थोडं चिरलं जाईल याची मनाची तयारी ठेवा. लाकडी भुशाचं जुनं पॅड तसंही पावसाने फुगलेलं असतं. एकदा हात आत गेला की लॅचवरची बाहेरच्या हँडलची पट्टी बोटाने वर किंवा खाली ढकलली की दार 'टक्' करून सुटतं. सुटल्या सुटल्या पहिलं काम चाइल्ड लॉकची खिटी वर करा. माणसं आनंदात दार पुन्हा लावून बघतात. आणि पुन्हा पहिल्यापासून.

पॅड काढणं ज्याला जमतं त्याला उरलेलं जमतं. आर्मरेस्टच्या खोबणीत टोपीखाली दडलेले स्क्रू, आतल्या हँडलच्या वाटीतला एक स्क्रू, हे आधी. काच फिरवायचं हँडल असेल तर त्याच्यामागे इंग्रजी सी अक्षरासारखी तारेची क्लिप असते. ती उचकटायला पेचकस घालू नका. जुन्या बनियनची पट्टी हँडल आणि पॅडच्या मधल्या फटीत घालून, बूट पुसतो तशी दोन्ही टोकं धरून ओढा. क्लिप उडून पडते. कुठे पडली ते बघायला कुणाला तरी उभं करा. मग पॅडच्या कडेने रुंद, बोथट काहीतरी घालून प्लॅस्टिकच्या गुंड्या एकेक सोडवा. मे महिन्यात दुपारी हे काम करू नका असं म्हणणार होतो, पण खरं तर उलट आहे. आपल्या ४२ अंशांच्या उन्हात वर्षानुवर्षं तापून प्लॅस्टिक कडक झालेलं असतं, थंडीच्या सकाळी ते बिस्किटासारखं तुटतं, ऊन लागलेलं थोडं तरी वाकतं. चार-सहा गुंड्या तुटणारच, नव्या आधीच आणून ठेवा. आत पॉलिथिनचा पडदा चिकटवलेला असेल. तो फाडू नका. काचेवरून उतरलेलं पाणी दारातल्या दारात ठेवायचं काम तो करतो. पडदा नसला की पहिल्याच जूनच्या पावसात पॅड भिजतं, मग पायाखालचं कार्पेट.

ड्रायव्हरच्या दाराचं आता. चावी सैल फिरते आणि कधी कधी काम करते, ही खूण मला क्लिपेकडे नेते. बॅरलच्या मागे एक छोटी शेपूट असते, तिच्यात रॉडचं टोक आणि ते धरणारी प्लॅस्टिकची क्लिप. क्लिप चिरली की रॉड भोकात खेळतो. एखाद्या वेळी शेपूट त्याला ओढते, एखाद्या वेळी नुसती घसरते. पॅड काढून चावी फिरवत आत टॉर्च मारा, दिसेल. क्लिप बदलली की झालं. तारेने बांधून आणलेल्या गाड्या येतात माझ्याकडे. तार दोन-चार महिने टिकते, मग रॉडचं टोक कापते, आणि मग रॉडही शोधावा लागतो. शेपूटच तुटली असेल तर बॅरल बदलावं लागेल. बाहेरून ते दाराच्या पत्र्यात बसलेलं असतं आणि आतून घोड्याच्या नालासारखी स्प्रिंगची पट्टी त्याला धरते. पट्टी नाकाड्या पक्कडीने ओढली की बॅरल बाहेर. पट्टी आत सोडू नका. दाराच्या तळाशी पडली की चुंबकाला दोरा बांधून मासे धरत बसावं लागतं.

बॅरल नवं आणलं की चावी वेगळी, आणि इथेच 'अख्खा सेट बदला' हा सल्ला जन्मतो. सेटमध्ये इग्निशन, दारं, डिक्की सगळं एका चावीचं मिळतं हे खरं. पण दरवेळी त्याची गरज नसते. बॅरलच्या पोटात पितळी पत्त्या असतात, प्रत्येकीच्या खाली केसाएवढी स्प्रिंग. योग्य चावी घातली की सगळ्या पत्त्या बॅरलच्या अंगाशी सपाट होतात, चुकीची घातली की एक-दोन वर डोकावतात. जुन्या बॅरलच्या पत्त्या त्याच क्रमाने नव्या बॅरलमध्ये बसवल्या की जुनीच चावी नव्या बॅरलला चालते. पांढऱ्या कापडावर, पंखा बंद करून, एक काढली की लगेच एक बसवायची. क्रम मोडला की संध्याकाळ गेली. चांगला चावीवाला हे अर्ध्या तासात करतो. काही बॅरलं मात्र दाबून बंद केलेली असतात, ती उघडत नाहीत. घेताना उलटून बघा. वर डोकावणारी पत्ती कानसाने घासून 'जमवून' देणारेही आहेत. लॉक चालतं, पण मग त्याला जवळपासची कोणतीही चावी चालू लागते.

चावी फिरतच नाही अशी तक्रार असेल तेव्हा एक सोपी परीक्षा आधी करायची. तीच चावी डिक्कीला आणि डाव्या दाराला लावून बघायची. सगळीकडे अडखळते तर दोष चावीचा. फक्त ड्रायव्हरच्या दारात अडखळते तर बॅरलचा. आणि झिजलेल्या चावीवरून नवी काढू नका. यंत्र झीजसुद्धा जशीच्या तशी उतरवतं, वर स्वतःची थोडी भर घालतं. घरात कपाटात पडलेली दुसरी चावी असेल, वडिलांनी गाडी घेतली तेव्हापासून न वापरलेली, ती शोधा. नक्कल तिच्यावरून काढा. चावीच्या काळ्या डोक्यात चिप असेल तर तेही ध्यानात ठेवा: दाराच्या बॅरलला त्या चिपेशी देणंघेणं नाही, पण बिनचिपेची नक्कल दार उघडेल आणि इंजिन चालू देणार नाही. माझ्या ओळखीचा चावीवाला आरसी बघितल्याशिवाय चावीला हात लावत नाही. लोक त्याच्यावर चिडतात. मला तो माणूस आवडतो.

लॅचच बदलायची वेळ कधी येते? पॅड काढलं, रॉड-क्लिपा सगळं जागेवर, पंजा धुऊन-पुसून वंगण दिलं, तरी तो दुसऱ्या टप्प्यावर थांबत नाही, किंवा खटक्याची स्प्रिंग तुटलीय, किंवा पंजाचा दात झिजून गोल झालाय. असं असेल तर मागेपुढे बघू नका, वंगणाने दात परत येत नाही. वळणावर दार सुटू शकतं.

काम तसं सरळ आहे. काच पूर्ण वर करा, लॅच बाहेर निघायची वाट तिथून जाते. काही गाड्यांत काचेच्या मागच्या पट्टीचा एक बोल्ट सैल करावा लागतो. सगळे रॉड क्लिपा फिरवून सोडवा, ओढून तोडू नका, आणि सोडवायच्या आधी मोबाइलवर दोन फोटो काढा. मग दाराच्या जाडीतले तीन स्क्रू. या तीन स्क्रूंनी भल्याभल्यांना रडवलंय. कंपनीत घट्ट बसवलेले, वर रंग, त्यावर वर्षानुवर्षांची माती. छोटा पेचकस घातला की स्क्रूच्या डोक्यावरची फुली गोल होते आणि मग ड्रिल. मोठ्या टोकाचा, फुलीत गच्च बसणारा पेचकस घ्या, त्याच्या मागून हातोडीने दोन खणखणीत ठोके द्या, मग अंगाचा भार देऊन फिरवा. ठोक्यांनी गंज मोडतो. काही गाड्यांत सहा पाकळ्यांचे स्क्रू असतात, त्यांना त्याच टोकाचा पाना. फुलीने प्रयत्नच नको.

नवं लॅच बसवलं, तीन स्क्रू थोडे थोडे करत सारखे आवळले, रॉड जोडले. आता थांबा. दार लावू नका! दार उघडंच ठेवून पेचकसाच्या दांड्याने पंजा फिरवा: टक्, टक्. आता तो बंद झाला, जणू दार लागलंय. बाहेरचं हँडल ओढा, पंजा सुटला पाहिजे. परत बंद करा, आतलं हँडल ओढा. परत बंद करा, घुंडीने लॉक करा, बाहेरचं हँडल ओढून सुटत नाही हे बघा. चावीने उघडा. मोटरने उघडा. प्रत्येक वाटेने पंजा सुटला की मगच दार लावायचं.

हे मी शिकलो ते एका मारुती ८०० वर. काम शिकत होतो तेव्हा. उस्ताद जेवायला गेलेले, मी लॅच बसवलं आणि रुबाबात दार आपटलं. बाहेरच्या हँडलचा रॉड जोडायचा राहिला होता आणि आतल्याचा उलट अडकला होता. दार काही केल्या उघडंना. गाडी नवरदेवाची, संध्याकाळी वरात. गिऱ्हाईक शेडच्या दारात उभं राहून दर पाच मिनिटांनी विचारतंय, "काय करलालाव ओ अजून?" उस्ताद आले, एक शब्द बोलले नाहीत, पलीकडच्या दाराने आत शिरून पॅडच्या फटीतून हात घातला आणि मनगट सोलत दार उघडलं. पत्र्याच्या कडा आतून वस्तऱ्यासारख्या असतात. मग पेचकस माझ्या हातात दिला आणि तो पंजा मला पन्नास वेळा बंद-चालू करायला लावला. नवरदेव मागून पुढे सरकून उतरला असता तरी चाललं असतं म्हणा, पण पन्नास वेळा केलेलं विसरत नाही.

सेंट्रल लॉकची टकटक. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींची मोटर असते आणि बाकीच्या दारांत दोन वायरींची. पाच वायरींपैकी दोन तिला फिरवतात. उरलेल्या तीन तिच्या पोटातल्या स्विचच्या, ज्यातून ती बाकीच्या मोटरांना 'लॉक करा, उघडा' असा हुकूम देते. हा स्विच खराब झाला की हुकूम उलटसुलट जायला लागतात आणि खड्ड्यात गाडी आदळली की सगळी दारं टकटकतात. परीक्षा सोपी: ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरचा प्लग काढा आणि गाडी चालवा. टकटक थांबली तर तीच मोटर किंवा तिच्याकडे जाणारी वायर. थांबली नाही तर डॅशबोर्डखालचा सेंट्रल लॉकचा डबा किंवा त्याची अर्थिंगची वायर.

मोटर विकत आणायच्या आधी दार आणि खांबाच्या मधली रबरी नळी मागे सरकवून बघा. दार दिवसातून वीस वेळा उघडतं, दर वेळी त्या वायरी वाकतात. वरचं आवरण ठीक दिसतं, आत तांबं तुटलेलं असतं. एकेक वायर हलकेच ओढा. रबरासारखी लांबली तर आतून तुटली. जोड त्या वाकणीत देऊ नका. नळीच्या दोन्ही अंगांना लांब जाऊन, गाडीची मऊ वायर टाकून, झाळून, आकसणारी नळी चढवा. घरातल्या बटणाची कडक वायर तिथे महिनाभर टिकत नाही.

दोन वायरींची मोटर तपासायची तर प्लगला छोटा बल्ब लावा आणि लॉक-अनलॉक करा. करंट क्षणभरच येतो, डिजिटल मीटर कित्येकदा तो पकडायच्या आतच संपतो, बल्ब मात्र लुकलुकतो. बल्ब लुकलुकतो पण मोटर हलत नाही, तर मोटर गेली. बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देऊन बघायचं असेल तर मध्ये फ्यूज ठेवा आणि नुसता स्पर्श करा, एका बाजूने आणि मग उलटून. धरून ठेवलं की चांगली मोटर जळते. आणि नवी बसवण्याआधी तिच्याशिवाय लॉकची घुंडी एका बोटाने हलते का बघा. अंगठ्याचा जोर लागत असेल तर जुनी मोटर त्यानेच मेली, नवीही मरेल.

घुंडी जड का होते? आपली माती. काळ्या रानातली ती पिठासारखी धूळ काच खाली असताना रबराच्या बाजूने दारात उतरते. वरून कुणीतरी प्रेमाने जळकं ऑइल किंवा खोबरेल सोडलेलं असतं. दोन्ही मिळून लॅचमध्ये काळा मलम तयार होतो, उन्हाळ्यात तो सुकतो आणि खटका गोंदात बसल्यासारखा बसतो. एकदा सोयाबीनच्या हंगामानंतर आलेल्या गाडीच्या दारात उंदरांनी भुसकटाचं घर केलं होतं, बांधकामाला लॉकच्या वायरींचं प्लॅस्टिक वापरलेलं. लॅच धुवायला ब्रश आणि डिझेल चालतं, पण मोटर किंवा स्विच त्याच्या अंगावरच असेल तर बुडवू नका, स्प्रेने धुवा. पूर्ण सुकू द्या. पंजावर पांढरं ग्रीस, करंगळीच्या नखाएवढं. पिनांवर पातळ तेलाचा एकेक थेंब. गंज सोडवणारा स्प्रे हे वंगण नव्हे, तो उडून जातो. त्याच्यावर ग्रीस लागतंच. बॅरलमध्ये तेलाचा थेंबही नको, तिथे ग्रॅफाइटची पूड. ती नसेल तर पेन्सिलीचं शिसं चावीवर घासा आणि चावी आत-बाहेर करा. दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजलेली असतात. तारेने मोकळी करा, नाहीतर दारात पाणी साचतं आणि पत्रा खालून फुटतो.

तुमच्या गाडीला क्रम असा लावा: मागचं डावं दार उघडून घेणं, त्याचं लॅच धुणं, बाहेरच्या हँडलची क्लिप. मग ड्रायव्हरच्या दाराचं पॅड, बॅरलची क्लिप, तिथेच पाच वायरींच्या मोटरची परीक्षा आणि रबरी नळीतल्या वायरी. उजव्या बाजूच्या मागच्या दाराला आणि डाव्या पुढच्या दाराला हात लावायचं कारण नाही, ग्रीस सोडून. घरी जमणार नाही ते एकच, पत्त्या बदलणं. ते चावीवाल्याकडे द्या.

लॅच घ्यावंच लागलं तर जुनं पिशवीत घालून दुकानात न्या. डावं-उजवं वेगळं, पुढचं-मागचं वेगळं. नुसतं 'वॅगनआरचं मागचं' सांगून आणलेलं लॅच तुम्हाला लातूर-उदगीर दोन चकरा घालायला लावतं. भंगारातल्या गाडीचं घेत असाल तर दुकानातच पेचकसाने टक्-टक् करून दोन टप्पे मोजा, बोटाने पंजाचा दात चाचपा. धार लागली पाहिजे. आणि येताना पॅडच्या गुंड्या डझनभर जास्त घ्या.